न विचारता दिलेला ठेका

मी एकदा हलगीचा एक ठेका साऱ्या जगाला फुकट देऊन टाकला. चोरूनमारून नव्हे, अगदी परवान्यासकट: कुणीही घ्या, कापा, जोडा, आपल्या गाण्यात वापरा, मला विचारू नका. तो परत घ्यायची वेळ आली तेव्हा कळलं, की असा परवाना मागे घेता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे तो ठेका माझा नव्हताच. ज्यांचा होता त्यांची मान त्यांच्याच मुलीच्या लग्नात, भर मांडवात खाली गेली, आणि ती माझ्या उदारपणामुळे गेली. हे लिहिताना आजही मला स्वतःचा राग येतो.

सन दोन हजार उजाडताच सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, हा वायटूकेचा गलका तेव्हा नुकताच ओसरला होता. हडपसरला उसाच्या आणि भाजीच्या रानांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यांतल्या एकीत बसून मी परदेशातल्या कुठल्याशा विमा कंपनीच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचे. दिवसभर दुसऱ्यांचं निस्तरून कर्वेनगरला घरी पोहोचेपर्यंत दोन बस आणि एक डोकेदुखी झालेली असायची. मग वाटायचं, आपलं स्वतःचं असं काहीतरी करावं. कॉलेजात मी कीबोर्ड वाजवायचे. बरा वाजवायचे, म्हणजे गॅदरिंगला टाळ्या पडतील इतपत. आता कॉम्प्युटरवर संगीत करावं असं मनात घेतलं आणि त्या सॉफ्टवेअरची किंमत ऐकून गप्प बसले.

ऑफिसात सगळे चोरीच्या सीड्या वापरत. मीही एक घरी आणली. पप्पांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "ही कुणी दिली?"

"कुणी दिली नाही, सगळेच घेतात," मी म्हणाले.

"मग आपण नको घ्यायला," ते म्हणाले आणि पेपर वाचू लागले. पप्पा सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या टेबलावरची फाइल उभ्या नोकरीत कुणाच्या चहावर हललेली नव्हती. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

अशी मी लिनक्सवाल्यांच्या, म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या, कंपूत जाऊन पडले. हे लोक रविवारी सकाळी एका कॉलेजच्या रिकाम्या वर्गात जमत. त्यांच्याकडे सगळं फुकट आणि सगळं उजळ माथ्यानं. संगीताचीसुद्धा सॉफ्टवेअरं होती, जगभरातल्या हौशी लोकांनी नोकऱ्या सांभाळून लिहिलेली. फक्त ती चालवायला अंगात चिवटपणा लागे. माझ्या कॉम्प्युटरमधून पहिला आवाज यायलाच तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी मी म्हणाले, आवाज येत नाहीये. एका दाढीवाल्यानं मान वर न करता विचारलं, "मॅन्युअल वाचलंत?" मी म्हणाले, वाचलं. "मग परत वाचा," तो म्हणाला. पुण्यात ज्ञान फुकट मिळतं, पण ते असं मिळतं.

तिसऱ्या रविवारी स्पीकरमधून 'टुंई' असा एक केविलवाणा आवाज आला आणि मी वर्गात चक्क उडी मारली. पुढे हळूहळू त्या मंडळींची पद्धत कळत गेली. एकच एक मोठं सॉफ्टवेअर नाही. स्वयंपाकघरात परात वेगळी, पोळपाट वेगळा, तवा वेगळा, तसे लहान लहान प्रोग्रॅम. एक फक्त ड्रम वाजवणार, एक फक्त सूर तयार करणार, एक फक्त रेकॉर्ड करणार. चौथ्यात ते सगळे पडद्यावर रेघा ओढून एकमेकांना जोडायचे. एकाचं निघालेलं दुसऱ्यात घालायचं. कुठं बिघडलं तर पार आतपर्यंत उघडून बघायची मुभा.

पण मला त्यात खरं भुलवलं ते त्या सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या परवान्यातल्या एका वाक्यानं. घ्या, बदला, पुढे द्या, विचारायची गरज नाही. माझ्या आजोबांना गावात पाण्यापासून वाटेपर्यंत सगळं विचारून घ्यावं लागे, तेही लांब उभं राहून. छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर त्यांनी गावकीची कामं सोडली आणि त्याच दिवशी हलगीही खाली ठेवली. पुन्हा कुणाच्या दारात वाजवायची नाही म्हणजे नाही. पप्पांनी तोच बाणा पुढे चालवला. रस्त्यावरून मिरवणूक चालली आणि त्यात हलगी कडाडली, की ते उठून शांतपणे खिडकी लावून घेत. का, ते कधी बोलले नाहीत आणि आम्हीही ते कळल्यासारखं वागायचो. अशा घरातल्या मुलीला 'विचारायची गरज नाही' हे वाक्य किती गोड लागलं असेल ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

माझ्या कंपनीच्या फाटकावर एक काका सिक्युरिटीला होते. हडपसर गावठाणातले. येताना-जाताना रजिस्टरात सही करायची, तेव्हा ते टेबलावर पेन आणि बोटानं काहीतरी वाजवत बसलेले असायचे. एक दिवस मी थांबून ऐकलं. उजवीकडून एक, डावीकडून बारीक दोन, मधेच एक गाळलेला. मी विचारलं, हे काय? ते ओशाळून म्हणाले, "काय न्हाई मॅडम, हलगीचा हात हाय. खाज सुटती."

हलगी त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती आणि त्यांनी ती सोडली नव्हती. त्यांच्या मुलाला मात्र तिच्यात रस नव्हता. तो डंपर चालवायचा. काकांनी रजिस्टरातलं माझं आडनाव रोज वाचलेलं होतंच. गाव कुठलं तेही विचारून घेतलं आणि म्हणाले, "हां. मग तुमाला ठावं असंल समदं."

मी मान डोलावली. मला काहीच ठाऊक नव्हतं. पण नाही म्हणायची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर कुणीतरी आपल्याला आपल्यातलं समजतंय याचं थोडं सुखही वाटलं.

रेकॉर्डिंग करायचं ठरलं. माइकची लांब वायर हवी होती म्हणून मी नारायण पेठेतल्या एका दुकानात गेले. दुकानदारांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कशाला पाहिजे?" म्हटलं, उघड्यावर हलगी रेकॉर्ड करायची आहे. "उघड्यावर हलगी वाजवली तर वायरीशिवायच सगळ्यांना ऐकू जाते," ते म्हणाले आणि वायर मोजायला लागले.

काका म्हणाले, घरी नको, कॅनॉलच्या कडेला जाऊ. मला वाटलं, भिंती नाहीत, आवाज घुमणार नाही, काय जाण आहे या माणसाला! रविवारच्या उन्हात त्यांनी उसाचं पाचट पेटवून हलगी शेकली, बोट मारून बघितलं, परत शेकली. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. मग ठेका सुरू झाला. इतकी वर्षं लावून घेतलेल्या खिडकीतून पुसट ऐकलेली वस्तू अशी असते होय! मी लॅपटॉपच्या पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्या लाल होताना बघत होते आणि आवाज कमी करत होते. एकामागून एक असे अकरा ठेके त्यांनी वाजवले.

सहावा संथ होता. तो वाजवताना ते माझ्याकडे बघत नव्हते, कॅनॉलच्या पाण्याकडे बघत होते. संपल्यावर त्यांनी गमछ्यानं तोंड पुसलं आणि मला विचारलं, "कळलं न्हवं?"

"हो! एकदम भारी," मी म्हणाले.

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि सातव्याकडे वळले. मला वाटलं, उन्हानं दमले असतील.

पुढचे दोन महिने मी त्या रेकॉर्डिंगवर काम केलं. घरात हेडफोन लावूनच, कारण पप्पांच्या कानावर हलगी पडू द्यायची माझी हिंमत नव्हती. एकेक ठेका कापला, स्वच्छ केला. सहाव्यात टिपरू दर वेळी किंचित उशिरा पडत होतं. ती मला चूक वाटली. सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर उभ्या रेघा असतात, ठोके त्या रेघांवर नेऊन चिकटवता येतात. चुका शोधणं हा तर माझा धंदाच. मी सगळे ठोके रेघेवर आणले, खाली एक खोल घुमणारा स्वर दिला आणि फाइलला 'संथ हलगी' अशा अर्थाचं फॅशनेबल इंग्रजी नाव देऊन अकराच्या अकरा ठेके तो परवाना लावून इंटरनेटवर चढवले. काकांना सांगितलं, तुमचा हात आता जगभर वाजणार. ते हसले. माझं बोलणं त्यांना कितपत कळलं ते मी तेव्हाही विचारलं नाही.

सगळ्यात चालला तो सहावाच. लांबलांबच्या देशांतून पत्रं आली. कुणी त्याच्यावर सिंथेसायझर चढवला, कुणी खर्जातली गिटार. मी ती पत्रं छापून ड्रॉवरमध्ये ठेवायचे. पुढे एकदोन वर्षांनी तो ठेका फिरत फिरत परत आपल्याकडे आला, डीजेवाल्यांच्या सीड्यांमध्ये. हे मला कळलं ते काकांच्या मुलीच्या लग्नात.

पत्रिका त्यांनी फाटकावरच हातात दिली होती. हडपसरचं मंगल कार्यालय खचाखच भरलेलं. काका फेटा बांधून दारात सोयऱ्यांचं स्वागत करत होते. दिवे मंद झाले, डीजेवाल्यानं नवरीच्या एन्ट्रीची घोषणा केली, आणि भाऊमंडळींनी धरलेल्या फुलांच्या चादरीखालून मुलगी एकेक पाऊल टाकत निघाली. स्पीकरमधून ठेका सुरू झाला. संथ, घुमणारा, रेघेवर सरळ केलेला. माझा सहावा.

मला आनंदानं काय करू अन् काय नको असं झालं. शेजारच्या बाईंचा हात धरून मी मोठ्यानं सांगितलं, "अहो, ही हलगी नवरीच्या वडिलांनीच वाजवलीय! मी रेकॉर्ड केलीय!" त्या बाईंनी माझा हात झटकला. त्यांचा चेहरा बघून मला आधी वाटलं, त्यांना बरं वाटत नाहीये. त्या पुढच्या खुर्चीकडे वाकून काहीतरी बोलल्या, तिथून ते पुढे गेलं. म्हातारी माणसं उठून उभी राहिली. मुलाकडची एक आजी पदर सावरत मधोमध आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कोण मेलंय हितं?"

काका दारातून तीरासारखे आले आणि त्यांनी डीजेची वायर उपटली. मुलगी निम्म्या वाटेवर फुलांच्या चादरीखाली उभी होती, पुढे जावं की मागे ते तिला कळत नव्हतं. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "अगं बये, मयताला वाजवत्यात ही. माणूस पोचवताना."

लग्न लागलं. पण मुलाकडचे पंगतीला मोजकेच बसले. ज्यानं त्यानं काकांना गाठून विचारलं, मशिनीत भरायला मयताचीच वाजवलीस का? ती मुद्दाम लावली का? माझ्यामुळे आता सगळ्यांना माहीत होतं, की हात त्यांचाच आहे. ते हात जोडून पुढे सरकत होते. माझ्याकडेही त्यांनी पाहिलं नाही. मी न जेवता घरी आले.

मांडव परतणीला मुलगी माहेरी आली नाही. सासरच्यांनी निरोप पाठवला, बघू, चांगला दिवस काढू. काका कामावर येईनात. फाटकावर दुसराच माणूस बसायला लागला.

मी पप्पांना सगळं सांगितलं. सांगताना स्वतःची बाजूही मांडून घेतली, की शेवटी अपशकून असं काही नसतं, तुम्हीच आम्हाला शिकवलंत. पप्पा म्हणाले, "अपशकून नसतो. अपमान असतो."

त्या आठवड्यात मी तो ठेका सगळीकडून काढायच्या मागे लागले. माझ्या पानावरून काढला. ज्यांनी पत्रं पाठवली होती त्यांना लिहिलं. काहींनी लगेच काढला. काहींनी अतिशय सभ्य भाषेत कळवलं, की तुमच्याच परवान्याप्रमाणे आम्हाला तो वापरायचा हक्क आहे. बरोबरच होतं त्यांचं, परवाना मीच लावला होता. रविवारच्या कंपूत गेले तर दाढीवाल्यानं पहिल्यांदाच मान वर केली. म्हणाला, "दिलेलं परत घेता येत नाही, म्हणून तर आपण सगळे इथे आहोत. पण त्यांच्या सहीचा कागद घेतला होतास ना?" मी घेतला नव्हता. कागद सोडा, तोंडानंही विचारलं नव्हतं.

काकांकडे जायचं ठरवलं तेव्हा पप्पा म्हणाले, "मी येतो. तू एकटी गेलीस तर चहा पाजून परत पाठवतील, बोलणार नाहीत. मी असलो तर बोलतील."

गावठाणातलं दोन खोल्यांचं घर. काकांनी खुर्च्या पुसून दिल्या आणि स्वतः उंबऱ्याजवळ बसू लागले. पप्पा उठले आणि त्यांना हाताला धरून शेजारच्या खुर्चीवर बसवलं. मी माफी मागितली. ठेका परत घेता येत नाही हेही सांगून टाकलं, कारण त्यांना खोटी आशा लावायची नव्हती. काका ऐकून घेत होते. मग म्हणाले, मुलगी कालच येऊन गेली. त्यांनी स्वतः हलगी घेतली होती, दोन जोडीदार घेतले होते, आणि मुलीच्या सासरी जाऊन दारात वरातीचा ठेका वाजवला होता. मुलाकडची ती आजी बाहेर येईपर्यंत वाजवायचं थांबवलं नव्हतं. "हात सुजला," ते म्हणाले, "पर पोरीला धाडली त्यांनी."

मला रडू आलं. काका माझ्याशी न बोलता पप्पांशी बोलू लागले.

"साहेब, मयताची घरात वाजवत न्हाईत. म्हून हिला कॅनॉलवर न्हेली. माजा बाप गेला तवा मी वाजवली व्हती, आन्‌ मग त्या दिशी. पोरगं शिकत न्हाई. म्हनलं, कुठंतरी ऱ्हाऊ दे. आपल्यातली पोर हाय, हिला सांगायची काय गरज? तरी बी मी इचारलं, कळलं का. हो म्हनली."

"तिला कळणार नव्हतं," पप्पा म्हणाले. "आम्ही कळू दिलं नाही. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा हलगी सोडली."

"ब्येस केलं," काका म्हणाले. ते मनापासून म्हणाले. मग पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "सोडली तर सोडली. त्यात कमीपना न्हाई. पर ठावं न्हाई तर इचारायचं की, पोरी. मी इचारलं. तू न्हाई इचारलंस."

ते रागावून बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. मी पिशवीतून लॅपटॉप काढला. बाकीचे दहा ठेके अजून मी ठेवलेल्या नावांनी जगात फिरत होते आणि त्यांतला एकही कशाचा आहे ते मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "काका, आता विचारते. एकेक सांगाल? मी प्रत्येकाखाली लिहून ठेवते, कशाचा आहे आणि कुठे वाजवायचा नाही. सहाव्याच्या खालीही लिहिते. ज्यांनी घेतलाय त्यांना निदान वाचता तरी येईल. आणि तुम्ही नको म्हणालात तर सगळेच काढते."

त्यांनी खुर्ची लॅपटॉपकडे ओढली. मग म्हणाले, "लाव."

पहिला लावला. हा वरातीचा, त्यांनी सांगितलं. मी लिहिलं. दुसरा देवीच्या जत्रेचा. तिसरा दवंडीचा, आता कोण देतंय दवंडी, पण हात राहिलाय. चौथा लावला आणि तेवढ्यात काकू आतून चहा घेऊन आल्या. काका कप घ्यायला वळले. ठेका वाजत राहिला, घाईचा, चढत जाणारा.

"कुस्तीचा," पप्पा म्हणाले. "शेवटची जोड सुटत नसली, की हा."

काका कप हातात धरून तसेच राहिले. मी पप्पांकडे बघितलं. त्यांची नजर जमिनीवर होती आणि उजव्या हाताची दोन बोटं गुडघ्यावर चालली होती, गाळलेल्या जागा गाळत, एकही न चुकता. माझ्या जन्मापासून मी त्या हाताला पेन आणि पेपर यांखेरीज काही धरताना पाहिलं नव्हतं.

"साहेब, तुमाला येतंय की," काका म्हणाले.

पप्पांनी हात मुठीत घेतला. मग परत उघडला.

"सोडली होती," ते म्हणाले, "विसरलो थोडाच होतो." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढचा लाव."